साडेपाचचा छोटा हत्ती

रोवणीच्या दिवसांत आमची अंगणवाडी
कागदावर दोनला सुटते,
खरी सुटते साडेपाचला,
छोटा हत्ती नाल्याच्या वळणावर हॉर्न देतो तेव्हा.
मागे उभ्या बाया, गुडघ्यापर्यंत चिखल,
बांधीच्या पाण्यानं बोटं पांढरी, सुरकुतलेली.

भंडाऱ्याहून आलेल्या मॅडम म्हणाल्या होत्या,
माय जाताना लेकरू किती रडतं ते सोडा,
आली की काय करतं ते पाहा.
मी मदतनीस. खिचडी, झाडू, नाकं पुसणं.
पाहणं माझ्या कामात लिहिलेलं नाही.
तरी तेव्हापासून साडेपाचला
मी चौकटीला टेकून उभी राहते.

देवांगनाचा स्वरांश सकाळी गाव गोळा करतो.
सांजेला तिच्या मानेत तोंड खुपसतो,
दोन हुंदके,
मग उतरून फुटकी बादली दाखवायला पळतो.
त्याचा हिशोब तिथंच मिटतो.

धनवंताची जुई नळासारखी,
बंद केला तरी ठिबकत राहते दिवसभर.
माय आली, उचललं, की
तिच्याच छातीवर मुठी मारते,
खाली ठेवलं तर पदर सोडत नाही.
धनवंता हसते, "पाय ना बाई, कशी मारून रायली मले."
हसता हसता तोंड फिरवते.

आणि परिधी.
फागुनात तिची माय डिलेश्वरी
मिरची तोडायला तेलंगणात गेली, दोन महिने.
पोरगी राहिली मावशीकडे, मग आत्याकडे,
मग पुन्हा मावशीकडे.
आता दीड वर्षाची. रडत नाही.
पट्टीवर बसून डब्यांची झाकणं एकात एक घालते.
दारात माय उभी राहिली
तरी पाठ तशीच, झाकणं तशीच.
"शहाणी पोट्टी," सगळ्या म्हणतात.
मी एकदा उचललं तिला अशा वेळी.
तोंडावर काही नाही,
आणि छातीत धानाची गिरणी चालू.

सेविकाबाई म्हणतात, लेकरं म्हणजे पऱ्हे,
इथून उपटायचे, तिथं खोवायचे,
चार दिवस पिवळे पडतात, मग मूळ धरतात.
मी मान डोलावली.
पण पऱ्हे कुणी परत उपटून
पहिल्या बांधीत आणत नाही, बाई.

माझा थोरलाही शहाणा होता.
मी सहा महिने छातीच्या दवाखान्यात,
परत आले तर माझ्याकडे बघून
तो शेजारणीच्या मागं गेला, गुपचूप.
रडला नाही म्हणून मीच कौतुक सांगत फिरले.
आता नागपुरात असतो.
फोनवर म्हणतो, बरा आहे, ठेवतो.

डिलेश्वरीला म्हटलं,
हाक नको मारू, उचलू नको.
नुसती बस दहा मिनिटं.
"सैपाक कोन करन मंग?"
तरी बसली. उंबऱ्यावर,
पोटऱ्यांवरचा चिखल वाळत.
पहिला दिवस असाच गेला. दुसराही.
मध्ये दोन दिवस तिला जमलं नाही.
मग एकदा पोरगी सरकत आली,
तोंडाकडे न बघता
गुडघ्यावर एक झाकण ठेवलं,
चिखलाची एक खपली काढली
आणि परत जागेवर गेली.
डिलेश्वरी हलली नाही.
श्वाससुद्धा तिनं विचारून घेतल्यासारखा घेतला.

रोवणी संपायला तीन बांध्या उरल्या होत्या.
सकाळी डिलेश्वरी वळली
आणि मागून आवाज आला,
असा की गाडीतल्या बाया वाकून बघू लागल्या.
"काय झालं आज या शहाणीले?"
ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरलेला,
डिलेश्वरी एक पाय गाडीत, एक पाय खाली.
जा, मी म्हणाले. रडू दे. संध्याकाळी ये, म्हणजे झालं.

गाडी वळणाआड गेली तरी ती रडत होती,
हात त्या वळणाकडे,
शेंबूड माझ्या खांद्यावर.
किती वेळ उभी होते, माहीत नाही.
रजिस्टरात त्यासाठी रकाना नाही.
हजेरी लिहिली, सतरा.
खिचडी त्या दिवशी करपली.